तुम्ही विचारलंत म्हणून: सुशेगादवर मी हसत का नाही

"तुम्ही गोव्याच्या, आणि सुशेगादच्या विनोदाला हसत नाही?" लग्न होऊन पुण्यात आल्यापासून ऐकतेय. आज सांगते.

शब्द मूळचा पोर्तुगीज. 'सोसेगादो' म्हणजे शांत, निवांत. दुपारी दुकान बंद करून घटकाभर आडवं होण्याची आमच्याकडची रीत खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण गोवेकर आळशी म्हणणाऱ्या तुमच्या विनोदात पहाटे भट्टीपुढे उभा राहणारा पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, कधीच कसा नसतो?

बाबा डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा राहिला. बँकेचा हप्ता चालूच. त्या दिवाळीनंतर ते आमच्याकडे आले होते. जेवताना सासरचे एक नातलग म्हणाले, "मग काय, आता सुशेगाद! गोवेकराला काम नसलं की सणच." पंगत हसली. बाबाही हसले, आणि पुढे कितीतरी वेळ नुसता भात कालवत राहिले. घास तोंडाशी गेला नाही. मी वाढत होते. हातात आमटीचं भांडं होतं, बोलता आलं असतं. मीही हसले. रात्री अंथरूण घालताना बाबांनीच माझी समजूत काढली, "तांकां खबर ना गो, बाये."

त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

आणि पणजीला कॉलेजात असताना 'घाटी' म्हणून हसणाऱ्यांत मी पुढे असायचे. घाटापलीकडून येऊन आमची घरं बांधणाऱ्या माणसांवर ते विनोद असत. आमच्या घरात बोलणं कोंकणी, पण आरत्या, भजनं, पत्रं सगळं मराठीत. त्यावरून एकीने मलाच घाटी म्हटलं, तेव्हा मी खूप भांडले. पण कशासाठी? तर मी घाटी नव्हे, एवढ्यासाठी. शब्द तसाच राहू दिला. 1967 च्या जनमत कौलात आजोबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी मत दिलं आणि आजीने दोन पानांवर, वेगळ्या गोव्यासाठी. अशा घरातली मुलगी आपण कोण नाही एवढंच ओरडून सांगत होती.

तेव्हाची मी आज म्हणेल, "विनोद आहे, सोड ना." तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण कुणी "एक गोवेकर असतो..." अशी सुरुवात केली की माझी नजर आधी समोरच्यांच्या ताटांकडे जाते.