एकोणसत्तर दिवसांचा गुरू

परदेशी माहितीपटांची मराठी संहिता ध्वनिमुद्रणाआधी तपासणं हे माझं काम. त्या दिवशी सकाळी दहाला चिनी कुंग फू गुरू हुओ युआनज्यावरची बावीस मिनिटांची संहिता हातात आली आणि संध्याकाळी पाचला निवेदक येणार होता. कुंग फूच्या गुरूंवरचं काम आलं की मी आधी तीन गोष्टी बघते : सनावळी, नावं आणि क्रियापदं. सगळ्यात जास्त घोळ क्रियापदांत असतो.

पहिल्याच पानावर जन्म १८६६, मृत्यू १९१०, ‘वयाच्या ४४व्या वर्षी’. वजाबाकी बरोबर येत होती. अशी चोख जुळणारी वजाबाकी दिसली की मला शंका येते. जुन्या चिनी हिशेबात मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि वय वाढदिवसाला न वाढता नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वाढतं. हुओचा जन्म १८ जानेवारी १८६८चा, म्हणजे चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातला. २५ जानेवारीला नवं वर्ष लागलं आणि आठवड्याचं पोर दोन वर्षांचं झालं. १९१० साली चिनी हिशेबाने त्याला ४४वं होतं, पण पूर्ण झालेली वर्षं ४२च. कुणीतरी १९१०मधून ४४ वजा करून १८६६ काढलं होतं. सम्राटाच्या राजवटीचं वर्ष धरून काढलं असतं तर १८६७ आलं असतं, तेही चूकच. आपल्याकडे शकात ७८ मिळवून मोकळं होणाऱ्यांची हीच गत होते. शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया १६२९मध्ये नाही, १९ फेब्रुवारी १६३०ला पडते. वर्षाअखेरच्या महिन्यांना ७९ लागतात. चिनी महिनाही आपल्यासारखा अमावास्येला संपतो, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावायला दोन मिनिटं पुरतात. तारीख-तिथीच्या वादात आपण मुरलेले आहोतच!

मृत्यूच्या तारखा दोन सापडतात : ९ ऑगस्ट आणि १४ सप्टेंबर. चिनी साधनांत बहुधा आठव्या महिन्याची अकरावी असते. त्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे शरदोत्सव, १९१० साली १८ सप्टेंबरला होती. तिथून चार दिवस मागे गेलं की १४ सप्टेंबर येतो. मी तीच ठेवली.

नावांत एक गंमत होती. संहितेत ‘जिंगवू’ ही शांघायची कुंग फू शिकवणारी संस्था होती आणि नंतर आग्नेय आशियात पसरलेला ‘चिन वू संघ’ वेगळाच होता. दोन्ही एकच, फरक लिप्यंतराचा. खुद्द हुओ तर तीन रूपांत भेटतो : हुओ युआनज्या, कँटोनीजमध्ये फोक युएन-गाप आणि मोठेपणी घेतलेलं नाव जुनचिंग. या तिघांना तीन माणसं समजलेली वंशावळ मी पाहिलेली आहे. यावर उपाय एकच. मूळ चिनी अक्षरं मागवायची आणि ती जुळवायची. उच्चार जुळवत बसायचं नाही.

खरा पेच पाचव्या पानावर होता. ‘हुओने जिंगवू संस्थेतून आपल्या घराण्याची विद्या हजारोंना शिकवली.’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. संस्थेची स्थापना ७ जुलै १९१०ची धरतात. तिथून १४ सप्टेंबरपर्यंत मोजले तर एकोणसत्तर दिवस भरतात, आणि त्यातही माणूस आजारी. एवढ्या दिवसांत हजारो कुठून येणार? घराण्याची विद्या म्हणजे मिझोंग. पण जिंगवूने पुढे प्रत्येकाला जे दहा पाया-संच, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, शिकवले त्यांत मिझोंग नाही. त्यात बारा ओळींची तानतुइ आहे, गोंगली-चुआन आहे, काठी, भाला, तलवार आहे, जोडीचे संच आहेत. उत्तरेच्या वेगवेगळ्या घराण्यांतून ते गोळा केलेले. संस्था उभी केली ती चेन गोंगझे, लू वेइचांग आणि याओ चानबो या तरुणांनी. पैसा त्यांचा, छापखान्याचं आणि छायाचित्रांचं वेडही त्यांचंच. गुप्त विद्या वर्गात आणून बाई-पुरुष दोघांना एकाच अभ्यासक्रमाने शिकवणं, त्याची पुस्तकं काढणं ही त्या काळात मोठी उडी होती. १९१९मध्ये गुआंगझौला शाखा निघाली, पुढच्या काही वर्षांत सिंगापूर, क्वालालंपूर. माझ्या मते हुओचा वारसा म्हणतात तो मुख्यतः हा आहे आणि तो त्याच्या नावावर इतरांनी उभा केला. त्याने हुओ लहान होत नाही, पण वाक्य बदलावं लागतं.

त्याच पानाच्या दृश्यात ‘हुओची गुप्त मिझोंग’ म्हणून जे चाललं होतं ती तानतुइ होती. ओळखायची खूण सोपी आहे. लहानशी एकच जोडणी, एकदा उजवीने, एकदा डावीने, सरळ ओळीत. टोकाला वळून परत. लाथ खालची, झटक्याची. मिझोंग अशी आखीव ओळीत चालत नाही. वळणं, हुलकावण्या, दिशा बदलणं हा तिचा जीव. ‘मिझोंग’चा अर्थच हरवलेली वाट. दृश्य बदलणं आमच्या हातात नव्हतं, म्हणून ‘गुप्त मिझोंग’ काढून ‘जिंगवूचा पायाभूत संच’ लिहिलं.

लढतींबद्दलही तेच. परदेशी पहिलवान ओब्रायनला हुओने ‘लोळवलं’ असं होतं. १९०९ साली हुओ ओब्रायनच्या आव्हानाला उत्तर द्यायला शांघायला आला एवढं पक्कं. प्रत्यक्ष लढत झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नियमांवरून घासाघीस झाली आणि समोरचा आलाच नाही, असंच बहुतेक वृत्तांत सांगतात. न झालेल्या कुस्तीवर इतकं नाव मिळवणारा माणूस विरळाच. ‘लोळवलं’च्या जागी ‘आव्हान स्वीकारलं’ आलं. शब्द दोन झाले, पण सेकंद तेवढेच लागले.

शेवटी विष. निर्मात्यांना ‘जपानी डॉक्टरने विष दिलं’ हेच हवं होतं. हुओला आधीपासून कावीळ होती, खोकल्यातून रक्त पडायचं. जपानी डॉक्टरकडे उपचार झाले. १९८९मध्ये अवशेष उकरले तेव्हा कमरेच्या हाडांवर काळे डाग दिसले आणि विषाची गोष्ट पुन्हा पेटली. डागांवरून कुणी दिलं, हे कळत नाही. उपचार म्हणून काय पोटात गेलं, तेही कळत नाही. सहा सेकंदांची जागा होती, म्हणजे मराठीचे बारा-तेरा शब्द. लिहिलं ते असं : ‘आजार जुनाच होता, विष दिल्याची चर्चा मात्र आजही थांबलेली नाही.’

त्याच्यामागे बदला घेणाऱ्या ‘शिष्य चेन झेन’चं वाक्य होतं. चेन झेन १९७२च्या सिनेमासाठी रचलेलं पात्र आहे, ते सरळ उडवलं. पण पाच सेकंद रिकामे राहिले आणि पडद्यावर हुओच्या मागे उभा एक शिष्य दिसत होता. तिथे लिऊ झेनशेंग बसवला. हुओबरोबर शांघायला आलेला खरा शिष्य तो. निवेदकाने नाव दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा पावणेसात वाजले होते.