निनावी क्लासने धरून ठेवलेली स्क्रीन : माझा अनुभव

बाजार समितीतील भाजीपाल्याचे भाव दाखवणारे एक अँड्रॉइड ॲप मी जावामध्ये लिहीत होते. दोन-दोन मिनिटांनी भाव ताजे व्हावेत म्हणून हँडलरच्या (ठरल्या वेळी काम करवून घेणाऱ्या ऑब्जेक्टच्या) 'पोस्टडिलेड' मेथडला मी तिथल्या तिथे 'न्यू रनेबल' (करायचे काम सांगणारा ऑब्जेक्ट) लिहून दिले होते, आणि काम संपताना ते रनेबल स्वतःला पुन्हा रांगेत लावत असे. जावा १.१ पासून, म्हणजे १९९७ पासून, नाव न देता जागेवरच क्लास लिहिण्याची, म्हणजे निनावी क्लासची, ही सोय भाषेत आहे. इंटरफेसचे नाव लिहून महिरपी कंसात मेथड भरली की क्लास आणि त्याचा ऑब्जेक्ट एकदमच तयार होतात, शिवाय बाहेरच्या क्लासची फील्ड्स थेट हाताशी असतात. म्हणून ही रचना मला आजही मनापासून आवडते.

फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा चालू ॲक्टिव्हिटी (म्हणजे ॲपची एक स्क्रीन) मोडून नवी उभी करते आणि जुनी गार्बेज कलेक्टरने (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेने) उचलून न्यावी अशी अपेक्षा असते. माझ्या ॲपची मेमरी मात्र फोन फिरवावा तशी वाढतच गेली. मेमरीची गळती शोधणारे लीककॅनरी हे साधन लावल्यावर साखळी दिसली : मुख्य थ्रेडची मेसेज क्यू (कामांची रांग), तीत थांबलेला मेसेज, त्याच्याकडे 'भावॲक्टिव्हिटी डॉलर १' या क्लासचा ऑब्जेक्ट, त्यात 'धिस डॉलर शून्य' हे फील्ड आणि त्या फील्डला अडकलेली जुनी ॲक्टिव्हिटी. हे फील्ड मी कुठेही लिहिले नव्हते. निनावी क्लासला कंपायलर असा क्रमांक देतो आणि बाहेरच्या ऑब्जेक्टचा संदर्भही गुपचूप त्यात ठेवतो, हे मी वाचलेले होते. पण त्या संदर्भामुळे अख्खी स्क्रीन जिवंत राहते, हे प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

त्याचा लॅम्डा (छोटे निनावी फंक्शन) करूनही गळती थांबली नसती; शिवाय लॅम्डात 'धिस' म्हणजे बाहेरचाच ऑब्जेक्ट, त्यामुळे 'धिस' वापरून तो स्वतःला पुन्हा रांगेत लावू शकला नसता. लॅम्डा बाहेरचे 'धिस' गरज असेल तरच पकडतो खरा, परंतु माझ्या कोडमध्ये भावांची यादी ॲक्टिव्हिटीचेच फील्ड होती, त्यामुळे ती गरज होतीच. मग 'ऑनडिस्ट्रॉय'मध्ये (ॲक्टिव्हिटी मोडताना चालणाऱ्या मेथडमध्ये) 'रिमूव्हकॉलबॅक्स' ही रांगेतून काम काढणारी मेथड वापरायचे ठरवले, तेव्हा खरी अडचण ध्यानात आली : त्या मेथडला रांगेत लावलेला तोच ऑब्जेक्ट द्यावा लागतो आणि मी तर तो कोणत्याही व्हेरिएबलमध्ये न ठेवता परस्पर देऊन टाकला होता.

अखेर निनावी क्लास ठेवला, पण त्याचा ऑब्जेक्ट एका खासगी फील्डमध्ये घेतला आणि ॲक्टिव्हिटी मोडताना तोच रांगेतून काढला. त्यानंतर वीस वेळा फोन फिरवूनही लीककॅनरीने एकही तक्रार केली नाही. बटणांचे क्लिक लिसनर (बटण दाबल्यावर चालणारा कोड) मात्र मी निनावीच राहू दिले, कारण ते बटणाकडेच असतात आणि बटण ॲक्टिव्हिटीबरोबरच जाते.