तुम्ही विचारलंत म्हणून: डास चावला तर?

एचआयव्हीवर बोलून झालं की पहिला हात वर होतो आणि प्रश्न ठरलेला, एचआयव्ही असलेल्या माणसाला चावलेला डास मला चावला तर? आधी हसू यायचं, आता नाही येत, कारण प्रश्न हुशार आहे, मलेरिया डेंग्यू डासामुळे होतात मग हाच का नाही?

तर बघा, डासाच्या सोंडेत वेगवेगळ्या नळ्या असतात, एकीतून तिची लाळ (तिची, कारण चावते ती मादीच) आपल्यात येते आणि दुसरीतून आपलं रक्त ती ओढते. आधीच्या माणसाचं रक्त ती आपल्यात ओतत नाही. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचतो, एचआयव्हीला ते जमतच नाही, त्याला वाढायला आपल्या सीडी-४ पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) लागतात, त्या डासाकडे कुठून येणार, मग तो रक्ताबरोबर पचून जातो. मिठी, एका ताटात जेवणं, टॉयलेट, खोकला, स्विमिंग पूल, यांनीही काही होत नाही.

पण मला हल्ली वाटतं की डासाचा प्रश्न चारचौघांत विचारता येतो म्हणून विचारतात. दुसरा प्रश्न सगळे गेल्यावर येतो, तोही 'मित्राचा' असतो. एकदा असाच एक जण म्हणाला, मित्राने कंडोम वापरला नव्हता, चौथ्या दिवशी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, आता टेन्शन नाही ना?

आहे ना. लागण झाल्या झाल्या टेस्टमध्ये दिसत नाही, याला विंडो पिरियड म्हणतात, टेस्ट कुठली त्यावर काही आठवडे ते ३ महिने. चौथ्या दिवसाच्या निगेटिव्हला अर्थच नाही, परत करावी लागते. आणि कंडोमशिवाय सेक्स झाला त्याच दिवशी तो डॉक्टरकडे गेला असता तर लागण टाळायला पेप म्हणून गोळ्या असतात, ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायच्या. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही तोवर डासावरच जास्त वेळ घालवत होते.

एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून. म्हणजे कंडोमशिवाय सेक्स, एकमेकांची सुई वापरणं, आईकडून बाळाला. कंडोमवर तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, लॅटेक्स फाटतं.

मग हळूच पुढचा प्रश्न, पॉझिटिव्ह आली तर मित्र मरणार का. एचआयव्ही हा व्हायरस, एड्स ही उपचार न घेतल्यास बऱ्याच वर्षांनी येणारी स्टेज, रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. पूर्ण बरा करणारं औषध सगळ्यांसाठी अजून नाही, पण रोजच्या गोळ्या वेळेवर घेतल्या तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, आणि रक्तात व्हायरस किती आहे ते मोजणाऱ्या टेस्टमध्ये तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, परत टेस्ट कधी करायची ते मला लिहून द्याल का? यावेळी मित्राचं नाव नव्हतं. दिलं लिहून.