मणक्याच्या जंतुसंसर्गानंतर पेशंटला उभं करताना

संसर्ग स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा असो की क्षयाचा, औषध लागू पडलं की दुखणं आधी कमी होतं. हाड भरायला मात्र पुढे कित्येक महिने जातात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला धास्ती वाटते ती या मधल्या काळाची. कालपर्यंत कूस बदलता न येणारा माणूस आता वाकून मोजे चढवायला बघतो. संसर्गाने पोखरलेली असते ती मणक्यांमधली चकती आणि तिला लागून असलेला मणक्यांचा पुढचा भाग. वाकलं की भार नेमका तिथेच पडतो, मणका पुढून दबतो आणि कुबड येतं.

म्हणून व्यायामाआधी उठायची पद्धत शिकवतो, तीही मणका स्थिर आहे ना, बसवायला हरकत नाही ना, हे सर्जनना विचारूनच. गुडघे दुमडायचे आणि खांदे व कंबर एकदम, ओंडक्यासारखं, कुशीवर वळायचं. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडता सोडताच खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने रेटून बसायचं. उताणं असताना सरळ उठायला बंदी. हे बिघडवतात बहुधा नातेवाईक: मदत म्हणून दोन्ही हात धरून ओढतात.

पाठीचा ब्रेस, म्हणजे पाठ सरळ धरणारा आधारपट्टा, सांगितला असेल तर तो झोपूनच चढवायचा. आत शिवण नसलेला सुती बनियन. ब्रेसची कमरेची खाच कमरेवरच बसली पाहिजे; पट्टे खालून वर आवळायचे. बसल्यावर तो काखेत किंवा हनुवटीखाली रुतू लागला, तर वर चढलाय किंवा सैल आहे. पुन्हा आडवं होऊन नीट बसवायचा. काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे दाब पडतोय. ब्रेस बनवणाऱ्याला दाखवायचा.

बरेच दिवस झोपून राहिलेल्याचा रक्तदाब उभं राहताच पडतो. आडवं असताना, बसल्यावर आणि उभं केल्यावर तो मोजतो. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, किंवा घेरी आली, की परत बसवायचं. आधी घोटे वरखाली हलवून घेतले तर फरक पडतो. चालणं वॉकर धरून, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. एका दमात लांबवर नेण्यात शहाणपण नाही.

पहिले व्यायाम कंटाळवाणे असतात आणि तसेच असावेत. श्वास न रोखता पोट आतून घट्ट करून 5 ते 10 सेकंद धरणं, नितंब आवळणं, मांडीचे स्नायू ताठ करणं. पोटाच्या उठाबशा, पुढे वाकून ताणणं, पिळणं यातलं काही नाही.

औषधांची यादी मी दर वेळी वाचतो. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक चालू असताना टाचेमागची शिर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखली, तर टाचा उचलण्याचा व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवायचं; ती शिर तुटूही शकते. दोन्ही तळपायांना मुंग्या आल्या की सगळे मणक्याला दोष देतात, पण लिनेझोलिड किंवा आयसोनियाझिड या संसर्गावरच्या औषधांनीही तसं होतं. फरक ठरवणं डॉक्टरांचं काम, लवकर सांगणं आपलं.

पायांची ताकद नव्याने कमी होणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडकणं: यातलं एकही दिसलं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप परतला किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं पुन्हा सुरू झालं, तरी वाट बघायची नाही.

ब्रेस कधी सोडायचा हे पेशंटच्या आरामावर ठरत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत बाक वाढलेला नाही, सीआरपी (रक्तातली सूज-दाह दाखवणारी तपासणी) उतरलाय, असं पाहून सर्जन सांगतात. ईएसआर ही तशीच दुसरी रक्ततपासणी, तो मागाहून रेंगाळत उतरतो. सर्जननी सांगितल्यावरही ब्रेस एकदम न सोडता आधी घरात बसताना तासभर काढून, मग चालताना, असा कमी करत नेतो, कारण तोवर पाठीचे स्नायू आळसावलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत थकून दुखतात. ते दुखणं आडवं झाल्यावर शमलं, तर दुसऱ्या दिवशी ब्रेसशिवायचा वेळ तेवढाच ठेवतो, वाढवत नाही.