गोळ्यांनी केला घात

मखमलाबादच्या घरचा छोटा स्विमिंग पूल आठवडाभर हिरवट. पाणी तपासायचं किट मात्र क्लोरीन 2 पीपीएम (दहा लाखांत 2 भाग) दाखवतंय, म्हणजे कागदावर सगळं झकास! मी आपला रोज ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्या टाकतोय.

आज शेवटी स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्यातलं सायन्युरिक ॲसिड, मोजला. किटमधलं रसायन मिसळून गढूळ झालेलं पाणी नळीत ओतत जायचं, तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. ठिपका 100 च्या खुणेआधीच गायब! मग नमुन्यात तितकंच साधं पाणी मिसळून पुन्हा मोजलं, आकडा दुप्पट केला: 140. हवा 30 ते 50.

घोळ गोळ्यांचाच. क्लोरीन खर्च होतं, पण त्यांच्यातलं सायन्युरिक ॲसिड पाण्यातच साठत जातं. ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, फार झालं तर मात्र क्लोरीनलाच बांधून ठेवतं. उडूनही जात नाही. उपाय एकच, पाणी बदला.

मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत! आईने नुसतं बघितलं माझ्याकडे. म्हणून निम्मंच बदललं. आता 70, म्हणजे क्लोरीन 5 च्या आसपास ठेवायला लागेल. गोळ्या बंद, लिक्विड क्लोरीनचा कॅन आणलाय. रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर ओतायचा.

पोरं काठावर बसून विचारतायत, "बाबा, आज?"

उद्या बघू रे.