पांढरं उजवीकडं, काळं डावीकडं

मामांच्या पाठीवरची सॅक माझ्या सॅकपेक्षा हलकी होती, तरी अख्ख्या वाटेत माझं लक्ष तिच्यावरच होतं. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाताना कातळाच्या पोटाखालून जाणारा रेलिंगचा टप्पा लागतो. तिथं मामांनी थांबून विचारलं, "काच हाय का यात?"

काच नव्हती. दहा फिल्म होल्डर होते, सगळे मिळून दीड-दोन किलोंचे. पण काचेसारखेच धरा म्हटलं, आणि त्या क्षणापासून त्यांनी सॅक खाली ठेवताना आधी हातानं दगड चाचपायला सुरुवात केली.

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात रीळ नसतं. चार बाय पाच इंचांची एकेक सुटी शीट घरी मिट्ट काळोखात होल्डरमध्ये सरकवायची. होल्डरच्या दोन बाजूंना दोन शीट, आणि प्रत्येकीवर एक पातळ सरकती पट्टी, म्हणजे डार्क स्लाइड. होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत बसवायचा, स्लाइड ओढून काढायची, शटर मारायचं, स्लाइड परत घालायची. स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी असते, दुसरी काळी. कोऱ्या शीटवर पांढरी बाजू बाहेर, फोटो झाला की स्लाइड उलटी घालून काळी बाहेर. पांढऱ्या बाजूवर बारीक उंचवटे असतात, अंधारात बोटाला कळावं म्हणून. मामांना हे एकदाच सांगितलं. त्यांनी सॅकचे दोन कप्पे पाहिले आणि स्वतःच ठरवून टाकलं, "पांढरं उजवीकडं, काळं डावीकडं." दोन दिवसांत ते एकदाही चुकले नाहीत.

काम एका वास्तू-संवर्धन करणाऱ्या बाईंचं होतं. गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा, तिन्हींच्या मोठ्या निगेटिव्ह त्यांना हव्या होत्या. वीस शीट, दोन दिवस. दिवाळी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि तिसऱ्या दिवशी वाघबारस, म्हणजे वाघदेवाच्या पूजेचा सण. अकोले तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात वाघबारस मोठी, त्यामुळे मामांना त्या दिवशी काहीही झालं तरी घरी पोचायचं होतं.

होल्डर न्यायची माझी एक पद्धत ठरलेली आहे आणि तिच्याबद्दल मी हट्टी आहे. शत्रू नंबर एक उजेड नाही, धूळ. उजेड अडवायची सोय होल्डरमध्येच आहे. पण फोटो घेण्याआधी शीटवर एक कण जरी बसला, तरी तेवढ्या जागी प्रकाश पोचत नाही, निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका पडतो आणि प्रिंटवर तो काळा कुळकुळीत उमटतो. आकाशात उमटला तर लपवता येत नाही. म्हणून शीट भरायच्या आदल्या रात्री प्रत्येक होल्डर उघडून, स्लाइड काढून, मखमलीच्या खाचेतून ब्रश फिरवायचा. न्हाणीघरात गरम पाणी सोडून हवा ओलसर करायची, म्हणजे उडणारी धूळ खाली बसते. मग फरशी कोरडी झाल्यावर तिथंच शीट भरायच्या. भरलेला प्रत्येक होल्डर वेगळ्या झिपच्या पिशवीत. त्या पिशव्या आत्यानं शिवलेल्या गोधडीच्या थैलीत, जिला दहा कप्पे आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी धक्का छान झेलते, पण कापडाचे तंतू झडतात, म्हणून झिपची पिशवी मधे हवीच. नुसते कापडात गुंडाळून होल्डर नेणारे पाहिले की मला राहवत नाही, मी सांगतोच. आणि उन्हात उभ्या गाडीत फिल्म ठेवू नये, हे तर अनोळखी माणसालाही थांबवून सांगेन.

पहिला दिवस मंदिराचा. पुष्करणीच्या बाजूनं सकाळचं तिरपं ऊन शिखरावर येतं तेव्हा दगडाचा एकेक पापुद्रा वाचता येतो. नऊ शीट तिथं गेल्या, काही विशेष घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदारेश्वर. गुहेत मधोमध मोठं शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि कमरेएवढं बर्फासारखं पाणी. ट्रायपॉड पाण्यात उभा केला. छतातून थेंब पडत होते. होल्डरच्या तोंडाला मखमल असते, ती भिजली की ओल आत शीटपर्यंत जाते. मामा थंडगार पाण्यात उभे राहून कॅमेऱ्यावर छत्री धरून होते, दुसऱ्या हातात गळ्याशी कवटाळलेली थैली. मीटर तीस सेकंद सांगत होता, पण माझी फिल्म, एचपी फाइव्ह प्लस, इतक्या मंद उजेडात आळसावते, म्हणून मी ८५ सेकंद दिले. सहा शीट झाल्या. बाहेर आल्यावर मी मामांचे पाय पाहिले, ते पांढरे पडले होते. त्यांनी आधी थैली उन्हात कोरड्या दगडावर ठेवली आणि मगच पाय पुसले.

राहिल्या पाच. त्या कोकणकड्यासाठी.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर सूर्य समोर येतो. इथल्या धुक्यात दिसणाऱ्या गोल इंद्रवज्राची ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी केलेली नोंद १८३५ साली छापून आली. फ्रान्सच्या दगेरच्या छायाचित्रणाची घोषणा १८३९ ची, म्हणजे साइक्सना शब्दांवरच भागवावं लागलं. मला दर वेळी कड्यावर उभं राहिलं की हे आठवतं.

ट्रायपॉड काठापासून चांगला दहा फूट आत लावला, खाली सॅक टांगली. चार शीट झाल्या. पाचच्या सुमारास ढगाआडून ऊन कड्याच्या अर्धगोलावर आलं आणि शेवटची शीट, विसावी, त्यासाठीच राखली होती. सूर्य लेन्सवर येत होता, म्हणून स्लाइड काढून मी तीच लेन्सवर छपराची सावली धरावी तशी धरली. सगळेच असं करतात. शटर मारलं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि स्लाइड माझ्या हातातून गेली.

कोकणकड्यावर हलकी वस्तू टाकली तर खालून येणारा वारा ती परत वर आणतो, हे गडावर येणारा प्रत्येक जण ऐकून असतो. ती खरंच वर आली. काठापलीकडे छातीच्या उंचीला क्षणभर तरंगली, पांढरी बाजू माझ्याकडे करून. हात पुढे करावासा वाटला. मामांनी मागून माझा शर्ट धरला. मग ती आडवी झाली, डावीकडे सरकली आणि खाली गेली.

आता कॅमेऱ्यात उघडी शीट होती, फोटो घेतलेली. कॅमेरा म्हणजेच तिची अंधारकोठडी. होल्डर बाहेर काढला की शीट गेली. दुसऱ्या होल्डरची स्लाइड काढून लावता आली असती, पण बाकीच्या सगळ्या, १९ च्या १९, शीटवर फोटो घेतलेले होते. एकीला वाचवायला दुसरी मारावी लागणार होती. गुहेतल्या त्या सहापैकी एक? की मंदिराची? मी मनातल्या मनात यादी करू लागलो आणि ते मला अजिबात सहन होईना. फिल्म बदलायची बाह्यांची काळी पिशवी मुक्कामाच्या गुहेत राहिली होती, ती सोबत आणली नाही ही चूक माझीच. ती आणायला मामांना पाठवलं असतं, पण चालू वाऱ्यात कॅमेरा धरायला दोघं लागत होतो.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दादा, याला अंधारच पायजे ना?"

"हो."

"मंग त्यो येतोयच की. बसा."

इतकी वर्षं मी अंधार पिशवीतून, पेटीतून, बाथरूमच्या दाराला टॉवेल लावून बनवत आलो होतो. एकादशीचा चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. डोंगरावर पुरेसा अंधार फुकट येणार होता, फक्त दोन तास कळ काढायची होती.

आम्ही कॅमेरा ट्रायपॉडसकट वळवून लेन्स पूर्वेकडे केली, टोपण लावलं. काळा कपडा लेन्स आणि पाठ यांच्या मधल्या भात्यावरून गुंडाळला, कारण भात्याच्या घडीत सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं तरी दोन तासांत ते शीटवर उमटतं. एरवी स्लाइड बाहेर असते ती पाच-दहा सेकंद, तेवढ्यात ते भोक कुणाला कळतही नाही. कॅमेऱ्याची पाठ स्प्रिंगवर असते, वाऱ्यानं ती केसभर उचलली तरी घात, म्हणून मी ती दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. मामांनी त्यांची घोंगडी वरून टाकली. जवळजवळ दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की स्लाइडची खाच उघडीच आहे. त्या खाचेत मखमलीची झडप असते, ती प्रकाश अडवते, पण हा होल्डर जुना, मखमल दबलेली. मी घाईनं तिथं कपडा कोंबला.

सूर्य गेला. बोटं सुन्न झाली तेव्हा मामांनी माझ्या जागी हात ठेवला. त्यांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर होते. दरीतून धुकं वर येत होतं आणि घोंगडीवर दव धरू लागलं होतं.

सात वाजून गेले असतील. होल्डर बाहेर काढावा असा विचार करत होतो तेवढ्यात मागून आवाज आले आणि डोक्याला बॅटऱ्या लावलेली दहा-बारा मुलं कड्याकडे आली. एकेक झोत सरळ आमच्यावर. मी काही बोलायच्या आत मामा उठले आणि हात वर करून त्यांना आडवे गेले.

"पोरांनो, बॅटऱ्या बंद करा! इथं फोटो उघडा पडलाय!"

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण मामांच्या आवाजात असं काही होतं की सगळे दिवे एकदम विझले. कुणीतरी हळूच विचारलं, "काही अपघात झालाय का?" मामांनी त्यांना जागच्या जागी बसवलं, मोबाइलही खिशात घालायला लावले. त्या मुलांनी कुरकुर केली नाही. काळोखात ती गवतात बसून राहिली, आणि हळूहळू वर बघू लागली.

मी घोंगडीत डोकं घातलं. आतून काळा कपडा, बाहेरून घोंगडी, वर अमावास्येकडे झुकलेलं आभाळ. फोटो पेपरच्या पाकिटातली जाड काळी पिशवी मी पावसाच्या बचावाला बरोबर ठेवतो, ती गुडघ्यावर उघडून ठेवली. पाठ उचलली, होल्डर बोटाबोटानं सरकवत बाहेर काढला, उघडी बाजू छातीकडे न करता पिशवीच्या तोंडाकडे केली, आत घातला. तीन घड्या. मग दुसरी पिशवी. घोंगडीचे केस त्या शीटवर नक्कीच पडले असणार, पण फोटो घेतल्यानंतर पडलेली धूळ ठिपका करत नाही. घासली जाऊ नये एवढंच पाहायचं. पाकीट शर्टाच्या आत घातलं आणि म्हणालो, "झालं." त्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. दिवे मात्र मामांनी सांगेपर्यंत लावले नाहीत.

गुहेत पोचल्यावर बाह्यांच्या पिशवीत हात घालून शीट सोडवली, कोपऱ्यातल्या खाचांवरून तिची कोणती बाजू वर आहे ते ओळखलं आणि एकात एक तीन झाकणांच्या रिकाम्या फिल्मबॉक्सात ठेवली. त्या रात्री तो बॉक्स माझ्या आणि मामांच्या उशांच्या मधे होता. सकाळी खाली उतरताना सॅकच्या डाव्या कप्प्यात काळ्या मुठी, आणि बॉक्स मामांनी हातातच धरला. वाघबारशीला दुपारच्या आत आम्ही पाचनईत होतो.

पुण्याला आल्यावर विसावी शीट सगळ्यांत शेवटी आणि एकटीच धुतली. आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंश, १३ मिनिटं, बर्फाच्या पाण्यात तबक ठेवून. फिक्सरमधून उचलून दिव्यासमोर धरली तेव्हा कड्याचा अर्धगोल आला होता, गवताची पात न् पात आली होती. एका कडेला, जिथं खाच होती तिथून, करंगळीएवढा करडा पट्टा आत शिरला होता. ती माझी विसरलेली दहा मिनिटं. बाईंना दाखवली तर त्यांनी पट्टा कापून घ्यायला सांगितलं, तेही बरोबरच होतं, त्यांना कडा हवा होता.

मामांसाठी मात्र मी पट्टा ठेवून प्रिंट केला. संक्रांतीनंतर घेऊन गेलो. त्यांनी अंगणात उजेडात धरून खूप वेळ पाहिला आणि पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तिथनं उजेड शिरला. मी खाच झाकायला विसरलो होतो तेव्हा."

"म्हंजे दुपारचा हाय हा," ते म्हणाले. "नंतर न्हाई शिरला."

मग त्यांनी मामींकडून एक प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, प्रिंट तिच्यात घातला, तोंड दोनदा दुमडलं, वरून धुतलेला पंचा गुंडाळला आणि पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांच्या मधे, उभा न ठेवता आडवा ठेवला.