लंडनच्या लिबर्टीत कापड घ्यायला जाताना

ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनातून बाहेर पडून रीजंट स्ट्रीटने दक्षिणेकडे निघालं की डावीकडे ग्रेट मार्लबरो स्ट्रीट लागतो. पांढऱ्या भिंती, काळी लाकडी चौकट, तीच लिबर्टी. दुकान 1875 चं, ही इमारत 1924 ची. 'इम्प्रेग्नेबल' आणि 'हिंदुस्तान' या दोन जुन्या युद्धनौकांचं लाकूड तिच्यात वापरलंय. आत तीन चौक आणि भोवती सज्जे आहेत. आपले वाडे आठवतात. रविवारी मोठ्या दुकानांना कायद्याने सहाच तास विक्रीची मुभा असते, म्हणून कापडासाठी आठवड्यातली सकाळ गाठा.

ताग्यांपाशी पोचल्यावर पहिली गल्लत होते ती इथे: टाना लॉन हे कपड्यांचं कापड आहे, सोफ्याचं नव्हे. इथिओपियातल्या टाना सरोवरावरून नाव पडलेलं हे सुती कापड रेशमासारखं मऊ आणि पातळ असतं. गादीवर चढवलं तर ताणाने शिवणीपाशी विरतं. पडदे, उशा, खुर्च्या यांसाठी फर्निशिंगचं जाड कापड वेगळं मागा.

टाना लॉनचा पन्हा साधारण 136 सेंमी. त्यामुळे पुढची-मागची बाजू शेजारी शेजारी बसते आणि मध्यम मापाच्या सरळ, गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला पावणेदोन मीटर पुरतं. नक्षी एकाच दिशेची असेल तर दोन मीटर घ्या. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसची 1883 ची 'स्ट्रॉबेरी थीफ' तशीच आहे; कापड वाचवायला बाही उलटी बेतली तर पक्षी डोक्यावर उभे राहतात. कोयऱ्यांच्या नक्षीचे तर ढीगभर तागे सापडतील. ही नक्षी काश्मिरी शालींबरोबर विलायतेला गेली, तेव्हा ती बघताना आपलंच काहीतरी भेटतं.

पडद्यांचा हिशेब घरूनच करून न्या. उदाहरणार्थ 120 सेंमी रुंद खिडकी, पडद्याची तयार उंची 150, दोन पाट (म्हणजे पडद्याचे दोन उभे भाग). वरखाली दुमडीला 25 धरून एक पाट 175 सेंमी. पण नक्षी दर 64 सेंमीला फिरून येत असेल, तर दुसरा पाट 64 च्या तिपटीवर, म्हणजे 192 वरूनच सुरू करावा लागतो. एकूण 3.67 मीटर. साडेतीन घेतलं की दोन्ही पाटांवरची फुलं एका रेषेत येत नाहीत, आणि नंतर आणलेल्या तुकड्याचा रंग दुसऱ्या घाण्याचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला, निघू शकतो. पावणेचार घ्या, सगळं एकाच ताग्यातून.

सोबत नेलेल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळण्याची सोय 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे. लेबलावरची किंमत हाच खर्च धरा.

शिवण्याआधी टाना लॉन गार पाण्यात एकदा धुऊन, सावलीत वाळवून, इस्त्री करा. मशीनला 9 नंबरची नवी सुई लावा. वीण इतकी घट्ट असते की जाड किंवा बोथट सुईची भोकं उसवल्यावरही राहतात. टाचण्याही शिलाईच्या मार्जिनमध्येच टोचा.